राग डोक्यात, मूळ गळ्यात?

वेल्समधलं कोळशाच्या खाणीचं एक गाव. एम्लिन ह्यूज हा तिथला खाणकामगार. कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा शांत माणूस. काही काळात तो बदलत जातो, चिडचिडा होतो आणि शेवटी इतका हिंसक होतो, की घरच्यांना त्याची भीती वाटू लागते. गावातले जुने डॉक्टर त्याला वेडा ठरवून मोकळे होतात. पण वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं तर दुसऱ्या डॉक्टरची सही हवी. म्हणून गावात नव्यानेच आलेल्या तरुण डॉक्टरला बोलावणं जातं. तो येतो सही करायलाच, पण त्याआधी रुग्णाकडे नीट पाहतो. सुजल्यासारखा चेहरा, कोरडी कातडी. त्याला शंका येते, की बिघाड गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत असावा. त्या ग्रंथीचा अर्क औषध म्हणून सुरू होतो आणि एम्लिन पुन्हा पूर्वीसारखा होतो.

ए. जे. क्रोनिन यांच्या ‘द सिटाडेल’ या १९३७ सालच्या कादंबरीतला हा प्रसंग. विजय आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ हा १९७१चा सिनेमा याच कादंबरीवर बेतलेला होता. क्रोनिन स्वतः डॉक्टर होते आणि वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत त्यांनी काम केलं होतं. त्यामुळे प्रसंग काल्पनिक असला, तरी त्यातला आजार काल्पनिक नव्हता.

बारा वर्षांनी, १९४९मध्ये, लंडनचे डॉ. रिचर्ड ॲशर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा रुग्णांची हकिगत मांडली. भास, भ्रम, टोकाचा संशय अशी या रुग्णांची लक्षणं होती. त्यांच्या आजाराच्या मुळाशी होती थायरॉइडची तीव्र कमतरता. उपचारानंतर त्यांतले बहुतेक जण सुधारले. खरं तर ही गोष्ट त्याच्याही आधी नोंदली गेली होती. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने १८८८मध्ये शंभराहून अधिक रुग्णांचा अभ्यास करून सांगितलं होतं, की या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांना भास किंवा भ्रम होतात, विशेषतः आजार खूप वाढलेला असेल तेव्हा.

आज थायरॉइडची तपासणी तालुक्याच्या गावीही होते. तरीही घरातलं माणूस अचानक संतापी झालं, अंगावर धावून येऊ लागलं, तर त्याची कारणं आधी स्वभावात, संगतीत, पत्रिकेत नाहीतर बाहेरच्या बाधेत शोधली जातात. त्या माणसाला आधीपासून नैराश्य किंवा बायपोलर विकार असेल, तर ‘त्याचं डोकं फिरलंय’ एवढ्यावर विषय संपतो. ही झाली एक चूक. दुसरी चूक बरोबर उलट दिशेची. रिपोर्टमध्ये थायरॉइडचा आकडा इकडेतिकडे दिसला, की केलेल्या प्रत्येक कृत्याचं खापर त्याच्यावर फोडायचं. या दोन्ही चुका कुणाच्या तरी अंगावर बेततात. म्हणून विज्ञानाला यातलं नेमकं किती माहीत आहे, हे समजून घ्यायला हवं.

मुकादमाचा आवाज

थायरॉइड, म्हणजेच अवटू ग्रंथी, गळ्याच्या पुढच्या बाजूला श्वासनलिकेला बिलगून बसलेली असते. आकार फुलपाखरासारखा. अन्नातलं आयोडीन वापरून ती दोन संप्रेरकं तयार करते, टी-४ आणि टी-३. पेशींनी किती वेगाने काम करायचं, किती ऊर्जा खर्च करायची, हे या संप्रेरकांवर ठरतं. हृदयाचे ठोके, शरीराची उष्णता, पचन, मासिक पाळी, झोप आणि मनाची अवस्था, सगळीकडे त्यांचा हात पोहोचतो.

या ग्रंथीवर देखरेख असते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीची. ती टीएसएच नावाचं संप्रेरक सोडून थायरॉइडला कामाला लावते. पियुषिका म्हणजे जणू मुकादम. कामगार ढिला पडला की मुकादमाचा आवाज चढतो, काम गरजेपेक्षा जास्त होऊ लागलं की तो गप्प होतो. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला दिसला, तर बहुतेक वेळा थायरॉइड मंदावलेली असते आणि टीएसएच अगदी खाली गेला असेल, तर ती जास्त काम करत असते. ‘थायरॉइड वाढलाय’ असं आपल्याकडे दोन्ही अवस्थांना सरसकट म्हटलं जातं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

मेंदूचं गणित आणखी थोडं वेगळं आहे. त्याला लागणारं टी-३ तो बऱ्याच अंशी स्वतः बनवतो. रक्तातून आलेल्या टी-४चं टी-३मध्ये रूपांतर करण्याची सोय मेंदूच्या ऊतीतच असते. हे टी-३ सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांच्या कामावर परिणाम करतं. मनःस्थिती आणि आवेगांवरचा ताबा यांच्याशी याच रसायनांचा जवळचा संबंध आहे. म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचा मनावर परिणाम होतो, यात गूढ काही नाही.

जास्त झालं तर, कमी झालं तर

ग्रंथी अतिसक्रिय झाली, तर शरीर सतत पळत असल्यासारखं होतं. धडधड, हातांची थरथर, घाम, उकाडा सहन न होणं, भूक असूनही वजन उतरणं. डब्लिनचे डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५मध्ये वर्णन केलेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात काहींचे डोळेही बाहेर आल्यासारखे दिसतात. ॲड्रेनॅलिनला शरीर जास्त जोरात प्रतिसाद देऊ लागतं. धोका समोर नसतानाही धोक्याच्या वेळची तयारी अंगात कायम राहते. अशा वेळी झोप उडते, बेचैनी वाढते आणि एरवी हसण्यावारी जाणारी गोष्ट भांडणाचं कारण ठरते.

हे चित्र बायपोलर विकारातल्या उन्मादासारखं दिसू शकतं. कमी झोप, भरभर बोलणं, चिडचिड, उतावीळ निर्णय, हे दोन्हीकडे आढळतं. फरक ओळखायला शरीर मदत करतं. उन्मादातल्या माणसाला दोन तास झोपूनही ताजंतवानं वाटतं, तर थायरॉइडचा रुग्ण बहुधा थकलेला असतो, पण त्याला स्वस्थ बसवत नाही. त्याचे हात गरम व ओलसर असतात आणि विश्रांतीतही नाडी जलद चालते. म्हणूनच वयाच्या चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उन्मादासारखी लक्षणं दिसली, तर डॉक्टर आधी शारीरिक कारण शोधतात.

ग्रंथी मंदावली, तर उलटं. थंडी वाजते, बद्धकोष्ठता होते, कातडी कोरडी पडते, केस गळतात, आवाज घोगरा होतो, हालचाली आणि विचार दोन्ही संथ होतात. मन उदास होतं. या अवस्थेतली चिडचिड सहसा घुम्या प्रकारची असते. फार काळ उपचार झाले नाहीत, तर मोजक्या रुग्णांमध्ये संशय आणि भास सुरू होतात. कुणीतरी आपल्या वाईटावर टपलंय असं ज्याला मनापासून वाटतं, तो स्वतःला वाचवायचं म्हणून दुसऱ्यावर हात उगारू शकतो. एम्लिन ह्यूजची गोष्ट याच जातीची.

मनोविकार आणि थायरॉइड

ज्यांना आधीच बायपोलर विकार किंवा नैराश्य आहे, त्यांच्या बाबतीत हे नातं अधिक गुंतागुंतीचं होतं. पहिलं कारण औषधाचं. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम उपयोगी पडतं, हे दाखवलं ते १९४९मध्ये, म्हणजे ॲशर यांचा लेख आला त्याच वर्षी. आजही बायपोलर विकारावरच्या सर्वांत भरवशाच्या औषधांत लिथियमची गणना होते. पण ते थायरॉइडमधून संप्रेरकं बाहेर पडण्याचा वेग कमी करतं. त्यामुळे काही रुग्णांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, ग्रंथी मंदावते. यावर उपाय ठरलेला आहे. लिथियम सुरू करण्याआधी टीएसएच तपासायचा आणि नंतर साधारण दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचा.

टीएसएच वाढला म्हणून लिथियम आपल्या मनाने बंद करणं मात्र धोक्याचं आहे. ते अचानक थांबवल्यास आजार उसळतो आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो. बहुतेक वेळा लिथियम चालू ठेवून त्याच्या जोडीला थायरॉक्सिनची गोळी दिली जाते.

दुसरं कारण आजाराच्या चालीचं. काही बायपोलर रुग्णांना वर्षात चार किंवा त्याहून अधिक वेळा उन्माद-नैराश्याचे झटके येतात. अशा रुग्णांमध्ये थायरॉइड मंदावलेली असण्याचं प्रमाण अधिक असल्याचं १९८०च्या दशकातल्या काही अभ्यासांत दिसलं. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत ते तितकं ठळक आढळलं नाही. पण झटके वारंवार येऊ लागले, तर थायरॉइड पाहून घ्यायची, ही शिस्त त्यातून रुजली. औषध सांभाळूनही आजार आटोक्यात येत नसेल, तर औषधाची मात्रा वाढवण्याआधी हा आकडा बघणं शहाणपणाचं.

नातं उलट दिशेनेही चालतं. अमेरिकेतले डॉ. आर्थर प्रेंज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९मध्ये दाखवलं, की नैराश्यावरच्या औषधाला थोड्या टी-३ची जोड दिली, तर काही रुग्णांना लवकर गुण येतो. हा उपाय निवडक रुग्णांसाठी आजही वापरला जातो. मात्र ही संप्रेरकं जास्त झाली तर धडधड, निद्रानाश आणि कधी उन्मादही होऊ शकतो. फार दिवस मंद राहिलेल्या ग्रंथीच्या रुग्णाला एकदम मोठी मात्रा दिल्यानंतर उन्माद उद्भवल्याचीही उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. वजन उतरवण्यासाठी या गोळ्या घेणं तर कुणालाच परवडणारं नाही.

हिंसेचा पुरावा किती?

स्वीडनमध्ये १९९०च्या दशकात मनोवैद्यकीय तपासणीसाठी आणलेल्या गुन्ह्यांतील आरोपींची थायरॉइड संप्रेरकं मोजली गेली. समाजविघातक वर्तन आणि टी-३ची वरची पातळी यांच्यात संबंध दिसला. पुढे तिथल्याच कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी भावनांवर ताबा न राहणारा व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या, पण थायरॉइडचा आजार नसलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. तिथेही टी-३ आणि टी-४ यांच्या परस्पर प्रमाणाचा हिंसक वागण्याशी संबंध आढळला. पण त्याच अभ्यासात दारूच्या व्यसनाचाही स्वतंत्र संबंध दिसला.

हे अभ्यास विचार करायला लावणारे आहेत, पण छोटे आहेत. शिवाय संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. दीर्घकाळचा ताण, लहानपणी सोसलेला मार, व्यसन या गोष्टी माणसाला हिंसेकडे ढकलू शकतात आणि त्याच गोष्टी संप्रेरकांचा तोलही बिघडवू शकतात. म्हणजे टी-३ हा आगीचं कारण नसून धूरही असू शकतो. आजवरच्या पुराव्यातून एवढंच म्हणता येतं: थायरॉइडचा ठळक बिघाड माणसाची सहनशक्ती कमी करतो आणि आधीच डळमळीत असलेल्या मनाला आणखी एक धक्का देतो.

मनोविकार आणि हिंसा यांच्याबद्दलचा सर्वसाधारण समजही तपासून घ्यायला हवा. ऑक्सफर्डचे प्रा. सीना फझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये स्वीडनमधल्या बायपोलर विकाराच्या ३,७४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ८.४ टक्के लोकांच्या हातून हिंसक गुन्हा घडला होता, तर तुलनेसाठी घेतलेल्या सर्वसामान्य लोकांत हे प्रमाण ३.५ टक्के होतं. इथेच वाचन थांबवलं, तर बायपोलर रुग्ण धोकादायक असतात असं वाटेल. पण वाढलेला धोका मुख्यतः दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसन जोडीला असलेल्या रुग्णांमध्ये होता. व्यसन नसलेल्यांमध्ये तो अगदी थोडाच जास्त होता. आणि शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांनी असा कोणताही गुन्हा केलेला नव्हता. घरात हिंसा होत असेल, तर थायरॉइडच्या आधी बाटलीबद्दल विचारावं, असंच हे आकडे सांगतात.

एका रिपोर्टवर निकाल नको

भारतातल्या आठ शहरांमध्ये झालेल्या आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५,३७६ प्रौढांची थायरॉइड तपासली गेली. मुंबई आणि गोवाही त्यात होते. जवळपास ११ टक्के लोकांमध्ये ग्रंथी मंद असल्याचं आढळलं आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना हे आधी ठाऊकच नव्हतं. स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांच्या तिपटीच्या आसपास होतं.

या आकड्याचे दोन अर्थ निघतात. पहिला, हा बिघाड इतका सर्रास आहे, की मनोविकाराच्या रुग्णात तो न शोधणं हा निष्काळजीपणा ठरेल. दुसरा, तो सर्रास आहे म्हणूनच एखाद्या हिंसक माणसात तो सापडला, यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. दर नऊ-दहा माणसांत एकाला असलेल्या त्रासामुळे माणसं हिंसक होत असती, तर कुठल्याही सोसायटीत राहणं मुश्किल झालं असतं. टीएसएच किंचित वाढलेली असंख्य माणसं रोज शांतपणे कामावर जातात, स्वयंपाक करतात, मुलांचा अभ्यास घेतात.

तपासणीच्या वेळेलाही महत्त्व आहे. मनोविकाराचा तीव्र झटका येऊन इस्पितळात दाखल झालेल्या काही रुग्णांमध्ये टी-४ तात्पुरतं वाढलेलं दिसतं आणि काही दिवसांत आपोआप खाली येतं. म्हणून आकडा थोडासाच इकडेतिकडे असेल, तर डॉक्टर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतलं बायोटिन हे जीवनसत्त्वही काही प्रकारच्या तपासण्या फसवतं आणि ठणठणीत माणसाची थायरॉइड अतिसक्रिय असल्याचं दाखवू शकतं. अशी गोळी चालू असेल, तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगायला हवं.

न्यायालयातही ‘थायरॉइड होती’ एवढं पुरेसं नसतं. भारतीय न्याय संहितेच्या २२व्या कलमानुसार, मनाच्या विकलतेमुळे आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे, हेच त्या क्षणी कळत नव्हतं, तर कृत्य गुन्हा ठरत नाही. संप्रेरकांमुळे चिडचिड वाढली होती, हे त्या पातळीच्या जवळपासही जात नाही.

घरच्यांनी काय पाहावं?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, बदल कधी झाला? माणूस वर्षानुवर्षं तसाच असेल, फक्त घरातल्याच लोकांवर हात उचलत असेल आणि साहेबांसमोर मात्र तोंडातून ब्र काढत नसेल, तर कारण ग्रंथीत असण्याची शक्यता कमी. पण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत स्वभाव पालटला असेल आणि जोडीला वजन, झोप, धडधड, थरथर, थंडी-उकाडा, पाळी यांतलं काही बदललं असेल, तर डॉक्टरांकडे जाताना हे सगळं सांगावं. गळ्याला सूज दिसत असेल, घरात कुणाला थायरॉइडचा आजार असेल, लिथियम किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठीचं ॲमिओडॅरोन हे औषध चालू असेल, तर तेही. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही स्त्रियांची थायरॉइड आधी अतिसक्रिय आणि मग मंद होते. त्या काळातल्या रडण्या-चिडण्याला ‘बाळंतिणीचे नखरे’ म्हणून झटकून टाकू नये.

थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. गोळी चहासोबत घेतली जाते, ती नीट शोषली जात नाही आणि मग औषध लागू पडत नाही असं वाटतं. थायरॉइडचे उपचार सुरू झाले म्हणून मनोविकाराची औषधं बंद करायची नसतात. थायरॉइड ताळ्यावर आली, की मनाच्या औषधांना काम करणं सोपं जातं, एवढंच.

घरात मारहाण होत असेल, तर तपासणी आणि रिपोर्ट नंतर. आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्यावं. कारण संप्रेरकाचं असो वा दुसरं कुठलं, मार खाणाऱ्याला तो तेवढाच लागतो. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हे क्रमांक जवळ असू द्यावेत.

त्या तरुण डॉक्टरने एम्लिनची दया येऊन सही नाकारली नव्हती. त्याने फक्त आधी रुग्णाला नीट तपासलं होतं. घरातल्या कुणाची मनोविकारावरची औषधं चालू असतील, तर पुढच्या भेटीत फाइल उघडून शेवटचा टीएसएच कधी केला होता, एवढं डॉक्टरांना जरूर विचारावं.